नवसाची जोडी

"मरायचा नाही हा," मासेवाली म्हणाली. "बोटभर पाण्यात ठेवा, तीन दिवस असाच राहील. बर्फ नको, काही नको."

निळ्या पिंपात हात घालून तिनं एक उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला. काळाकुट्ट, चपट्या डोक्याचा, तोंडाला ह्या एवढाल्या मिश्या. तिच्या मुठीत तो असा वळवळला की मी दोन पावलं मागे सरले. अख्ख्या बाजारात बाकीचे मासे पाट्यांवर मरून पडलेले आणि हा एकटा जिवंत.

"खरंच नाही मरत?"

"अहो ताई, मांगूर तो. कापताना मरेना की आम्हालाच कसंतरी होतं. किती देऊ? साफ करून देते."

"साफ नको. जिवंतच द्या. दोन."

"पाळायचेत का काय?"

"देवीला सोडायचेत."

तिनं कपाळाला हात लावला. तो देवीसाठी होता की माझ्या अकलेसाठी, ते मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर चांगलंच कळलं.

मी सुलभा. कुंभेरीच्या गुरवांच्या घरातली सून. आमच्या गावात वाघजाईच्या देवळाच्या पायाशी नदी वळते आणि तिथं खडकात खोल डोह आहे, त्याला आम्ही कोंड म्हणतो. कोंडातले मासे देवीचे. त्यांना गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही, गंमत म्हणून खडासुद्धा मारायचा नाही. माझे सासरे भागोजी गुरव रोज सकाळी पायरीवर उभे राहून घंटा वाजवायचे आणि भाताच्या मुठी पाण्यात टाकायचे. घंटा ऐकली की हातहात लांब, तांबूस खवल्यांचे मासे वर यायचे. कातकरी त्यांना खडस म्हणत, आम्ही नुसतं देवीचे मासे म्हणायचो. मामंजींना त्यांतले कितीतरी वेगवेगळे ओळखू यायचे. एका शेपटी फाटलेल्या मासोळीला ते 'आक्का' म्हणत आणि तिला भात मिळाल्याशिवाय स्वतः चहा घेत नसत. सासूबाई नव्हत्या, तेव्हा ह्या आक्काचाच काय तो त्यांच्यावर वचक.

कुणाचं काम व्हावं म्हणून नवस बोलायचा तो एकच, कोंडात माशांची जोडी सोडीन. त्यासाठी बाळू वाघमारे म्हणून एक कातकरी होता. तो वरच्या अंगाच्या ओढ्यातून त्याच जातीचे वीतभर मासे मडक्यात घालून जिवंत आणून द्यायचा. बाजारातून मासे आणून सोडायची गरज कुणाला पडली नव्हती. ती पहिल्यांदा पडली मला.

कारण माझी चिंगी. तेव्हा ती तीन वर्षांची होती. ताप चढला की तिला आकडी यायची. डोळे वर, दात घट्ट, हातापायांचे झटके, आणि ओठ निळे. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला उचलून अंगणात नुसती ओरडत फिरत होते, पाणी मारा म्हणून सांगायचंही मला सुचत नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "घाबरू नका. तापाची आकडी आहे. पाच-सहा वर्षांची झाली की आपोआप जाते."

आपोआप जाते! सांगायला काय जातंय? तोवर मी काय करू, घड्याळ लावून बसू? नवरा सुधाकर भातगिरणीवर कामाला, शनिवारचा घरी यायचा. तीन वेळा आकडी आली त्या तिन्ही वेळी घरात मी आणि मामंजी. चैत्रात तिसरी आली तेव्हा मी ठरवलं, काम झाल्यावर नाही, आधीच जोडी सोडायची. आणि चैत्रात कातकरवाडीवर कुत्रं नव्हतं. सगळे घाटावर वीटभट्टीला गेलेले, बाळूसुद्धा. ते येणार पावसाच्या तोंडाशी. तोवर थांबायचा धीर मला कुठला? म्हणून मी बाजारात गेले, आणि अख्ख्या बाजारात जिवंत मासा निघाला तो हा मिशाळ.

एस्टीत कळशी मांडीवर, वर ताटली, ताटलीवर माझा हात. घाटीच्या वळणावर एकानं अशी उसळी मारली की ताटली थेट कंडक्टरच्या पायाशी. तो म्हणाला, "बाई, ह्यांचं अर्धं तिकीट काढावं लागेल." सगळी गाडी हसली. मी मात्र कळशीत वाकून बघत होते, जिवंत आहेत ना! होते, मस्त होते.

पायरीवर मामंजी भेटले. त्यांनी कळशीत डोकावलं.

"हे कुठले गं?"

"बाजारातले. बाळू नाही ना. पण जिवंत आहेत, मामंजी."

"ते दिसतंय. पण हे आपल्यातले नाहीत."

मी रडायलाच लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या चिंगीकडे. पोरीचं तोंड अजून उतरलेलंच होतं.

"सोड," ते म्हणाले. "देवीला जात कसली?"

मी कळशी पाण्यात तिरकी केली. दोघं काळे सळसळत खाली गेले. आणि तेव्हा मी हात जोडून जे बोलले ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. "माये, हे मासे जगतील तोवर माझी पोर धडधाकट ठेव." मरत नाही असा मासा आणि त्याच्याशी बांधलेलं पोरीचं आयुष्य! मी स्वतःवर इतकी खूश होते की घरी जाऊन शिरा केला.

आणि खरंच, त्यानंतर चिंगीला आकडी आली नाही. ताप आला, खोकला आला, गोवर येऊन गेला, पण आकडी नाही. झालं! माझ्या तोंडाला कुलूप थोडंच होतं? विहिरीवर, दळणाला, हळदीकुंकवाला, जिथं जाईन तिथं मी सांगत सुटले. कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, तिनं मांगूर सोडले. कुणाचा मुलगा दहावीला तिसऱ्यांदा बसला होता, त्याच्या आईनं सोडले. बाळूच्या माशांसाठी वाट बघायला लागायची, हे तर दर बुधवारी बाजारात तयार. गावचे मानकरी अण्णा सकपाळ, त्यांना नातू झाला तेव्हा त्यांनी टेम्पोतून पिंप आणलं, पुढं बेंजो लावला आणि अकरा मांगूर वाजतगाजत कोंडात सोडले. सोडायच्या आधी मीच पुढं होऊन त्या माशांना हळद वाहिली. पहिली मानकरीण मीच ना!

दोन वर्षं गेली. सकाळी घंटा वाजली की कोंडाचं पाणी उकळल्यासारखं व्हायचं. मिश्याच मिश्या. भाताचं शीत खाली जाऊ देत नसत. लांबून आलेली माणसं म्हणायची, देवी किती प्रसन्न आहे बघा! मामंजी मात्र पाण्यात वाकून तांबूस पाठी शोधत असायचे. एक दिवस मी त्यांचा चहा घेऊन गेले तर त्यांनी कप घेतला नाही.

"आज आक्का आली नाही," ते म्हणाले. "काल पण नव्हती."

"म्हातारी झाली असेल."

"म्हाताऱ्या जाणारच, गं. पण तरण्या कुठायत?"

मी कप पायरीवर ठेवून निघाले. मला ते ऐकायचं नव्हतं.

त्या वर्षी भट्टी लवकर बंद झाली आणि बाळू वैशाखातच परत आला. देवीला नारळ ठेवून तो कोंडाशी उतरला. पाणी आटून पार खाली गेलेलं, खडकांच्या कपारी उघड्या पडलेल्या. बाळू उकिडवा बसला तो बसलाच. मी धुणं धूत होते, चिंगी शेजारी खेळत होती, मामंजी पायरीवर. बऱ्याच वेळानं बाळूनं मान वर केली.

"गुरवबाबा, ह्यात पिल्लू नाय."

"कसलं पिल्लू?"

"खडसाचं. मोठे हायेत, धा-बारा मोजले मी. पण वीतभर नाय, बोटभर नाय, काहीच नाय. म्हंजे दोन-तीन पावसाळ्यांत एक पण जगला नाय."

मामंजी म्हणाले, "पाणी कमी आहे म्हणून असेल."

बाळूनं बोट दाखवलं. ओल्या खडकावरून एक मांगूर पोटावर सरकत वर येत होता, पाण्याबाहेर, कल्ल्यांजवळच्या काट्यांवर भार देत, एखादा माणूस कोपरांवर रांगतो तसा. चिंगी किंचाळून माझ्या पाठीमागे लपली. तो रांगत रांगत पायरीपर्यंत आला.

"हा आता कोंडाच्या भायेर हाय ना, बाबा?" बाळूनं विचारलं. "भायेरच्याला मारायला बंदी नाय ना?"

मामंजींनी मान हलवली. बाळूनं कोयत्याच्या पाठीनं त्याच्या डोक्यात एक घाव घातला, मग पोट चिरलं आणि आतलं काढून एकेक करून पायरीवर मांडलं. बोटाच्या पेराएवढी पिल्लं. काही विरघळत आलेली, पण खवल्यांचा तांबूस रंग अजून दिसत होता. सात होती.

"होती तर खरी," बाळू हळू म्हणाला. "पण ह्यांच्या पोटात. हा मासा मासेच खातो, बाय. कुनी आनला हा हितं?"

मी पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं आणि पुन्हा पिळायला लागले.

मामंजी त्या सात पिल्लांजवळ बसून राहिले. चिंगी पुढं आली आणि विचारलं, "आजोबा, ही झोपलीत का?" त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यात ती सातही उचलली, पाण्यात सोडली आणि बाळूला म्हणाले, "जाळं आण."

त्या संध्याकाळी मी मामंजींशी पहिल्यांदा भांडले. नवऱ्याशी भांडायची मला सवय होती, सासऱ्यांशी नव्हती, म्हणून आवाज कुठं चढवायचा आणि कुठं उतरवायचा तेच कळेना.

"मामंजी, माझा नवस त्यात आहे. ती जोडी मेली तर चिंगीचं काय? मी तसं बोललेय देवीला. जगतील तोवर म्हणून बोललेय!"

"असं कशाला बोललीस?"

"मला काय ठाऊक!"

"बरं. मग बाळूला सांगू, सुलभाची जोडी सोडून बाकीचे काढ. दाखव त्याला तुझी कुठली ते."

मिशाळ सगळे एका साच्यातले. शंभर असोत की दोनशे, त्यांतला प्रत्येक माझा असू शकत होता.

"राहू द्या ना मग सगळेच," मी म्हटलं. "तुमच्या नातीपेक्षा मासे जास्त आहेत का?"

हे बोलले आणि जीभ चावली. मामंजी उठून ओसरीवर गेले. जेवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. अण्णा सकपाळ तावातावानं आले. मामंजींचे ते लहानपणापासूनचे दोस्त, पण त्या दिवशी दोस्ती घरी ठेवून आले होते.

"कोंडात जाळं? भागोजी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आपल्या आज्या-पणज्यांनी कधी काडी घातली नाही ह्या पाण्यात!"

"त्यांनी मांगूरपण घातला नव्हता, अण्णा."

"आम्ही देवीला दिलेला जीव आहे तो. माझ्या नातवाच्या नावानं दिलाय. तो तू मारणार?"

मागून चार-पाच बायकांनी हो हो केलं. मी केलं नाही, पण मनातून मी अण्णांच्याच बाजूला होते. अण्णांनी माझ्यासाठी भांडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला काही बोलायला नको.

"मी सांगतो म्हणून नको," मामंजी म्हणाले. "देवीला विचारू. कौल लावतो."

आता पुढं कुणाचं काही चालेना. आमच्याकडे कौल म्हणजे शेवटचा शब्द. देवीच्या पाषाणाला पाणी लावून दोन्ही अंगांना एकेक तगरीची कळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मामंजी चाळीस वर्षं कौल लावत होते. भावाभावांच्या वाटण्या त्यावर झाल्या, लग्नं ठरली, लग्नं मोडली. भागोजीनं सांगितला तो कौल खरा, ह्यावर कुणी ब्र काढत नसे.

गाभारा अरुंद, एक माणूस वाकला की मागच्याला काही दिसत नाही. दिवसासुद्धा आत अंधार. सुधाकर गिरणीवर, म्हणून उंबऱ्याशी निरांजन धरून मी उभी राहिले. बाकी सगळे सभामंडपात.

मामंजींनी कळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. "माये, तुझी लेकरं तुझ्या पाण्यात मरतायत. परकं जनावर आम्हीच आणून घातलं. ते काढायला जाळं टाकू का, सांग. काय असेल तो कौल दे."

मी मनात ओरडत होते, नाही म्हण, माये, नाही म्हण.

किती वेळ गेला कोण जाणे. मग डावी कळी सुटली. मी डोळ्यांनी पाहिली. पाषाणावरून घरंगळत ती देवीच्या पायाशी पडली. उजवी जिथल्या तिथं होती.

माझा जीव भांड्यात पडला. वाचली माझी पोर.

मामंजी वाकले. नमस्कार केल्यासारखे पुढं झुकले, आणि एकाच हातानं खालची कळी उचलली, वरचीही काढली, दोन्ही मुठीत घेतल्या. मागं वळले. त्यांचं तोंड निरांजनाच्या उजेडात माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"उजवा," ते मोठ्यानं म्हणाले. "देवीनं उजवा कौल दिला."

मंडपात सगळे हात जोडून उभे राहिले. अण्णा सकपाळसुद्धा. "तिची मर्जी," ते म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी डोळे पुसले.

मला एक शब्द बोलायचा होता. डावा. एवढं म्हटलं असतं की खेळ खलास. सुनेनं सासऱ्याला खोटं पाडलं म्हणून गावानं माझ्या तोंडात शेण घातलं असतं, पण जाळं पडलं नसतं. मी तोंड उघडलं. आणि काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. मी तोंड मिटलं आणि निरांजन खाली ठेवलं.

तीन दिवस बाळू आणि त्याचे भाऊ कोंडात उतरत होते. जाळ्यात एखादा खडस आला की बाळू त्याला दोन्ही हातांनी उचलून परत पाण्यात सोडायचा. मांगूर काठावर. पहिल्या दिवशी टोपल्या भरल्या, दुसऱ्या दिवशीही. कोंडातलं म्हणून ते खायला कुणी तयार नव्हतं, कातकरवाडीही नाही. आंब्याखाली मोठा खड्डा खणला आणि त्यात पुरले. मी तिथं उभी राहून एकेक टोपली रिकामी होताना बघायची. हा माझा असेल. नाही तर हा. ते मरतही नव्हते लवकर. खड्ड्यात पडल्यावर कितीतरी वेळ त्यांच्या मिश्या हलत राहायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिंगीला ताप भरला.

बाकी सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. अंग असं तापलं होतं की हात ठेववेना. औषध पाजलं, ओल्या फडक्यानं पुसून काढत राहिले, आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले, बुबुळं वर जातात का ते. मामंजी कोंडावरून तसेच आले, चिखलानं माखलेले. ते दारात दिसले आणि माझा बांध फुटला.

"या! बघा! झालं ना तुमच्या मनासारखं? डावी पडली होती, मामंजी. मी पाहिलं. देवी नाही म्हणाली होती आणि तुम्ही गावाला खोटं सांगितलंत!"

त्यांना राग आला नाही, तेच मला जास्त लागलं. ते खाली बसले आणि हात पुढं करून त्यांनी फडकं मागितलं. मी दिलं नाही.

"पाहिलंस तू?" ते म्हणाले.

"हो! ह्या डोळ्यांनी!"

"मग बोलली का नाहीस?"

मी फडकं पाण्यात बुडवलं. पिळलं. पोरीच्या कपाळावर ठेवलं. ते वाट बघत होते.

"ती पिल्लं," मी म्हटलं. "पायरीवर मांडली होती ती. चिंगीनं विचारलं ना, झोपलीत का... माझ्याच्यानं बोलवलं नाही." आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. दोन वर्षं मी फक्त माझ्या एका लेकराचा हिशेब बघत होते आणि कोंडाच्या तळाशी दुसऱ्यांची लेकरं माझ्या नवसाच्या पोटात जात होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा तोंडानं म्हणता आलं.

"चाळीस वर्षं तिचा शब्द मी लोकांना सांगितला," मामंजी म्हणाले. "परवा पहिल्यांदा माझा शब्द तिच्या तोंडी घातला. पण त्या दिवशी तुझ्या कळशीत बघून मला कळलं होतं, सुलभा. हे आपले नव्हेत, मला कळलं होतं. सोड म्हणून मीच सांगितलं. चूक माझ्या हातची आहे, तर निस्तरणं पण माझ्याच हातानं. कळ्या उचलताना मी तिला सांगितलंय, काय राग काढायचा तो माझ्यावर काढ, पोरीच्या वाटेला जाऊ नकोस."

"आणि ती ऐकेल?"

"मला नाही ठाऊक," ते म्हणाले. मग मात्र त्यांचा आवाज फुटला. "खरंच नाही ठाऊक गं."

मी फडकं त्यांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून पोरीचं अंग पुसलं, ते पाय, मी कपाळ. ताप चढला तसा उतरत गेला. बुबुळं जागेवर राहिली. दिवे लावायच्या वेळेला चिंगीनं डोळे उघडले, आजोबांच्या चिखलाच्या हातांकडे पाहून नाक मुरडलं आणि म्हणाली, "आई, पेज दे. आणि वर मीठ जास्त घाल."

मामंजी बाहेर गेले आणि अंगणात पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

चिंगीला त्यानंतर कधीच आकडी आली नाही. तोवर ती पाच वर्षांची झालीच होती. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं असेल, किंवा देवीनं ऐकलं असेल. मी त्यावर डोकं चालवायचं सोडून दिलंय. आता तिलाच दोन मुलं आहेत.

मामंजींनी मात्र पुन्हा कौल लावला नाही. पुढच्याच पुनवेला अण्णा सकपाळ बांधाच्या कामासाठी कौल मागायला आले, तर मामंजी म्हणाले, "अण्णा, माझे डोळे गेले बघ. कुठली कळी पडते दिसत नाही. ह्यापुढं सुधाकर लावील." अण्णा हबकले. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर आहे, चल, म्हणून मागे लागले. मामंजी काही गेले नाहीत. त्या दिवसापासून चारचौघांत ते काठी घेऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. घरात कुणी नसताना सुईत दोरा ओवून माझ्या हातात द्यायचे.

बाळू दर वर्षी पावसाच्या तोंडाशी जाळं घेऊन यायचा, कारण एक-दोन मांगूर चिखलात दडून राहायचेच. नवसाचे मासे फक्त त्याच्याकडूनच घ्यायचे, असं गावानं ठरवून टाकलं. तरी पहिली दोन वर्षं कोंड नुसता मोकळा वाटायचा. घंटा वाजली की सात-आठ मोठे खडस यायचे, भात खायचे आणि जायचे.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात पाणी निवळलं. मामंजी माझ्या खांद्याला धरून पायरीवर आले, मी भाताची परात घेऊन. अण्णा सकपाळ आधीच पायरीवर बसून दातांना मिसरी लावत होते. घंटा झाली. मामंजींनी पहिली मूठ टाकली आणि एकदम त्यांच्या हातातली काठी खाली पडली.

"सुलभा! ते बघ! पलीकडच्या कपारीत, शेवाळाच्या मागं! बोटाएवढी आहेत गं! दहा... बारा... चौदा! चौदा आहेत!"

मी बघितलं, तर मला नुसतं पाणी दिसलं. मग माझं लक्ष अण्णांकडे गेलं. मिसरीचं बोट तोंडात तसंच, आणि ते मामंजींकडे टक लावून बघत होते. मामंजींचा हात हवेत थांबला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मामंजी," मी घाईघाईनं म्हटलं, "मीच नाही का मघाशी सांगितलं तुम्हाला, चौदा आहेत म्हणून?"

अण्णांनी चूळ भरली. तोंड पुसलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा देवळाकडे, आणि मग उठून आले आणि मामंजींच्या अगदी शेजारी बसले, खांद्याला खांदा लावून.

"कुठल्या कपारीत म्हणालास, भागोजी?" ते म्हणाले. "मला काही नीट दिसत नाही. तूच दाखव."